भरल्या ताटावरून

भरल्या ताटावरून उठू नये, असा मराठी घरांतील जुना दंडक आहे. उठल्याने अन्नाचा अवमान होतो, हे त्याचे एक कारण. जेवणाऱ्या माणसाला चार घास स्वस्थपणे खाऊ द्यावेत, हा सभ्यतेचा पहिला धडा आहे, हे दुसरे. तावातावाने भांडायला आलेला शेजारीसुद्धा घरधनी पानावर बसला आहे असे कळले की ओटीवर थांबतो. हा दंडक जिथे जवळजवळ रोज मोडला जातो आणि तो मोडल्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही, अशी घरे थोडी. डॉक्टरांचे घर हे त्यांपैकी एक होय.

जेवणाची वेळ ही कुटुंबाच्या दिवसातील एकत्र येण्याची वेळ असते. मुलांच्या शाळेतील बातम्या, वडील माणसांची दुखणीखुपणी, येणाऱ्या पाहुण्यांची वार्ता आणि महिन्याच्या खर्चाची चिंता ही सारी पानावरच बोलली जातात. ज्या घरातील आई किंवा वडील डॉक्टर आहेत, तिथे नेमक्या याच वेळेवर बाहेरच्या जगाचाही हक्क असतो. या दोन हक्कांचा मेळ ती कुटुंबे कसा घालतात, त्यासाठी कोणती किंमत मोजतात आणि ती किंमत खरोखरीच मोजायला हवी असते काय, हा प्रश्न त्या घरांपुरता नाही. आजारी पडणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

रोगी जेवणाच्या वेळीच का येतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यात खोडसाळपणा नसतो आणि निव्वळ योगायोगही नसतो. माणसाच्या शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. निरोगी माणसाच्याही शरीराची उष्णता पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते. त्यामुळे सकाळी नुसते मलूल वाटणारे मूल दिवेलागणीला तापाने फणफणते. दम्याचा विकार रात्री, विशेषतः पहाटेपूर्वी, बळावतो. प्रसूतीचेही तसेच आहे. इंग्लंडमधील 2005 ते 2014 या काळातील लक्षावधी जन्मांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा असे दिसून आले की, ज्या प्रसूतींत कळा आपोआप सुरू होतात आणि जन्मही नैसर्गिकपणे होतो, त्यांतील सर्वाधिक मुले पहाटे चारच्या सुमारास जन्माला येतात. शरीराच्या घड्याळाला कामाच्या घड्याळाची जोड मिळते. शेतकरी दिवस मावळल्यावर शेतातून परततो, गिरणीतला किंवा कचेरीतला माणूस संध्याकाळी सुटतो. दिवसभर अंगावर काढलेले दुखणे दाखवायला त्याला हीच वेळ मोकळी असते. म्हणून गावोगावच्या दवाखान्यांची दुसरी वेळ संध्याकाळची असते आणि ती पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी शेवटचा रोगी संपेपर्यंत चालते.

एखाद्या तालुक्याच्या गावचे असे घर डोळ्यांपुढे आणावे. खाली दवाखाना आणि वर राहते घर, अशी त्याची रचना असते. ही रचना सोयीची खरी. पण तिच्यामुळे घर आणि कामाची जागा यांच्यात अवघ्या पंधरावीस पायऱ्यांचे अंतर उरते. कंपाउंडर दवाखान्याचे दार ओढून घेऊन गेलेला असतो. मुलांची पाने केव्हाच वाढलेली असतात. डॉक्टर वर येतात, हातपाय धुऊन पाटावर किंवा खुर्चीवर बसतात आणि पहिला घास घेतात न घेतात तोच खालून हाक येते, "डॉक्टरसाहेब, म्हातारीला दम लागलाय, जरा बघता का?" पत्नी म्हणते, "अहो, निदान एवढा भात तरी संपवून जा." ते उत्तर देत नाहीत, कारण उत्तर पायऱ्यांवरच दिलेले असते. धाकटे मूल त्यांच्या ताटावर झाकण ठेवते. हे झाकण ठेवण्याचे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. घरातली दुसरी मुले जशी देवापुढे दिवा लावायला शिकतात, तसे ते हे शिकलेले असते.

आज हाकेची जागा मोबाइलने घेतली आहे आणि त्यामुळे पंधरावीस पायऱ्यांचे अंतरही उरलेले नाही. पूर्वी ज्याला खरोखर निकड असे तो रात्री चालत येई; आता साध्या सर्दीची विचारणाही क्षणात पानावर येऊन पोचते. साधन बदलले, नाते मात्र तेच राहिले.

या नात्याचे मूळ फार जुने आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, वैद्यकी शिकू इच्छिणाऱ्या शिष्याला गुरूने कोणता उपदेश करावा हे सांगितले आहे. स्वतःची अडचण पाहू नये, रात्रंदिवस रोग्याच्या आरोग्यासाठी झटावे, असा त्याचा एक भाग आहे. रोग्याच्या घरात जे पाहिले-ऐकले ते बाहेर फोडू नये, असा दुसरा. ग्रीक परंपरेत हिपॉक्रेटीसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही गुप्ततेचा हा नियम आहे. परस्परांहून इतक्या दूर असलेल्या दोन संस्कृतींना ही एकच गोष्ट महत्त्वाची वाटावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गंमत अशी की, शपथ एकटा वैद्य घेतो, पण ती पाळावी लागते त्याच्या साऱ्या कुटुंबाला. रात्रंदिवस झटण्याचे व्रत पुरे होते ते पत्नीने अन्न दोनदा गरम केल्यामुळे. गुप्ततेचे व्रत पुरे होते ते मुलांनी न विचारल्यामुळे.

हा न विचारण्याचा संस्कार विशेष बारकाईने पाहावा असा आहे. इतर घरांत वडील कचेरीतून आले की दिवसभरात काय घडले ते सांगतात. डॉक्टरांच्या घरी तसे करता येत नाही. लहान गावात तर मुळीच नाही. कारण ज्याचा आजार सांगायचा तो मुलीच्या शाळेतला शिक्षक असतो किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार असतो. म्हणून या घरांत एक निराळीच भाषा तयार होते. नावे गळून पडतात. "एक बाई आल्या होत्या" किंवा "एक लहान मूल होते" एवढ्यावर वाक्य थांबते. मुले आवाजावरून, घास घेण्याच्या गतीवरून आणि मिठाची चव कळली की नाही यावरून दिवस कसा गेला ते ओळखू लागतात. एखाद्या रात्री वडील काहीच बोलत नाहीत, आमटी आळणी असूनही मीठ मागत नाहीत. त्या रात्री मुले आपापली भांडणे आपोआप आवरती घेतात. खाली कोणीतरी दगावले आहे, हे त्यांना समजलेले असते. मृत्यूची पहिली ओळख अनेक मुलांना गोष्टींतून होते. या मुलांना ती वडिलांच्या अर्ध्या टाकलेल्या भाकरीतून होते.

दवाखाना आणि घर यांच्यामध्ये आणखी एक रेषा असते. ती साबणाच्या पाण्याची. 1847 साली व्हिएन्ना येथील प्रसूतिरुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने असा नियम घालून दिला की, शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावू नये. त्यामुळे तेथील बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. वैद्यकाच्या इतिहासातील या मोठ्या गोष्टीचे छोटे रूप डॉक्टरांच्या प्रत्येक घरी रोज संध्याकाळी पाहायला मिळते. मूल धावत येते आणि आई किंवा बाबा हात वर करून म्हणतात, "थांब, आधी हात धुऊ दे." मायेपूर्वी मोरी, असा हा क्रम आहे.

पण साथ येते तेव्हा ही रेषा पुरत नाही. 1896 साली मुंबईत गाठीच्या प्लेगने प्रवेश केला. मांडवी भागातील रोग्यांची लक्षणे पाहून तो प्लेग आहे, हे प्रथम ओळखले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढल्याच वर्षी प्लेग पुण्यास पोचला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालविला. तेथे सावित्रीबाई स्वतः शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला उचलून आणताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. डॉक्टरचे कुटुंब आणि डॉक्टरचे कर्तव्य यांच्यात भिंत नसते, याचे याहून थोर आणि याहून दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागेल.

2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा हाच प्रसंग देशभर असंख्य घरांत निराळ्या रूपाने घडला. अनेक डॉक्टर महिनोन्महिने घरी गेले नाहीत. जे गेले, त्यांनी वेगळी खोली धरली. ताट उंबऱ्याशी ठेवले जाई, दार लावल्यावर ते आत घेतले जाई आणि धुऊनच परत केले जाई. घरातले बाकीचे लोक चार हातांवर जेवत असत, पण पंगत एक नव्हती. 22 मार्च 2020 रोजी संध्याकाळी पाच वाजता लोकांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवून वैद्यकसेवकांचे आभार मानले. लोकांच्या हातांतील थाळीचा तो नाद आणि बंद दाराबाहेर ठेवलेली ती एकटी थाळी, या दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत.

इतके वाचून कोणाला वाटेल की, डॉक्टरांच्या घरची पंगत म्हणजे केवळ उणिवांचा हिशेब. तसे मात्र नाही. या घरांना एक प्रकारची श्रीमंतीही लाभते. ज्याच्याकडे सर्व थरांतील माणसे येतात, त्याच्या घरी सर्व थरांतील विचारही येतात. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची दोन घरे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी 1878 साली एक सतरा वर्षांचा बंगाली तरुण इंग्रजी संभाषणाच्या अभ्यासासाठी राहिला होता. त्याला शिकविण्याचे काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिने केले. तो तरुण म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. दुसरे घर डॉ. सखाराम अर्जुन यांचे. ते वैद्य तसेच वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, ते म्हणजे हेच दोन डॉक्टर. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्यांची सावत्र कन्या रखमाबाई वाढली. बालपणी लागलेल्या लग्नाचे बंधन तिने नाकारले, त्यावरून चाललेल्या खटल्याने साऱ्या देशात खळबळ उडवली आणि अखेर लंडनला वैद्यकीचे शिक्षण घेऊन 1894 साली ती स्वतः डॉक्टर झाली. सुरत आणि राजकोट येथे तिने स्त्रियांची शुश्रूषा केली. वैद्यकी हा व्यवसाय घराण्यात उतरतो असे म्हणतात; रखमाबाईंच्या बाबतीत तो रक्ताने नव्हे, सहवासाने उतरला.

लहान गावांत ही श्रीमंती ताटातच दिसते. फी देण्याची ऐपत नसलेला रोगी हंगामाची पहिली भाजी घेऊन येतो. कोणी हुरड्याची कणसे आणतो, कोणी परड्यातले आंबे, तर कोणी कापडात बांधलेले नाचणीचे पीठ. पानावर बसलेल्या मुलांना ठाऊक असते की, आजची वांगी कोणत्या वाडीतून आली. कोणत्या दुखण्याबद्दल आली, हे मात्र ठाऊक नसते. औषधाचे मोल पैशाने फिटते आणि फिटत नाहीही, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी त्यांना इथे उमगते.

आतापर्यंत डॉक्टर म्हणजे वडील आणि ताट झाकणारी म्हणजे आई, असे चित्र आले. पुष्कळ काळ ते खरे होते. परंतु आई डॉक्टर असली म्हणजे ताट कोणी झाकावे, हा प्रश्न भारतात शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनी 1886 साली वैद्यकीय पात्रता मिळवून व्यवसाय सुरू केला. पुढे 1893 मध्ये त्या अधिक शिक्षणासाठी विलायतेस जाऊन आल्या. घरी सावत्र आणि स्वतःची मिळून आठ मुले होती. रोग्यांकडे जाता-येता घोडागाडीत बसून त्या लेस विणीत असत, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. घरासाठी उरलेला वेळ घराबाहेरच शोधावा लागत होता, असे त्यावरून दिसते. त्यांच्यावर अशोभनीय टीका करणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकाला न्यायालयाने शिक्षा ठोठावली. पुरुष डॉक्टर रात्री घराबाहेर पडला की तो त्याग ठरतो, आणि स्त्री डॉक्टर बाहेर पडली की तिला घराबद्दल जाब विचारला जातो, हा पक्षपात तेव्हापासूनचा आहे. आज पतिपत्नी दोघेही डॉक्टर असलेली घरे पुष्कळ आहेत. तिथे सासूबाई, आजोबा, स्वयंपाकाच्या मावशी किंवा थोरले भावंड पंगतीची जबाबदारी उचलते. आई प्रसूतीसाठी गेलेली असताना आठवीतल्या मुलाने वरणभाताचा कुकर लावणे, हे अशा घरांत कौतुकाचे नाही, नित्याचे झाले आहे. हा बदल इष्ट आहे. पण सर्वच घरांत तो झालेला नाही, हेही खरे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. डॉक्टरांचे थंड झालेले ताट हे निष्ठेचे प्रतीक मानण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या निष्ठेचा मान राखूनही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ताट वारंवार थंड होते, याचे कारण पुष्कळदा एकच असते, आणि ते म्हणजे दुसरा डॉक्टर नसणे. दोन प्रहरी जेवण नाही, रात्री झोप नाही, अशा अवस्थेतील माणसाचा हात आणि निर्णय दोन्ही चुकण्याचा संभव वाढतो. रोग्याला वेळेवर खा, वेळेवर झोपा असे सांगणाऱ्यालाच ते जमत नाही, मग लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी त्याची थट्टा होते. पण त्या थट्टेमागे व्यवस्थेतील उणीव दडलेली असते.

ही उणीव फार पूर्वी ओळखली गेली होती. नाशिकला जन्मलेले ज्येष्ठ सनदी अधिकारी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली 1943 साली नेमलेल्या समितीने 1946 मध्ये आपला अहवाल सादर केला. चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी नजीकच्या काळासाठीची शिफारस तिने केली. त्या केंद्रात परिचारिका, सुइणी आणि इतर सेवकवर्ग यांच्याबरोबर एक नव्हे, तर दोन डॉक्टर असावेत, असे सुचविले होते. 1952 साली समाजविकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. आज सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, हे प्रमाण मानले जाते. कागदावरचा दुसरा डॉक्टर हा केवळ आकडा नव्हे. पहिला जेवायला बसला असता दार उघडणारा माणूस म्हणजे तो दुसरा डॉक्टर. ते पद रिकामे राहिले की त्याचा भार लगतच्या निवासस्थानातील एका कुटुंबाच्या पानावर पडतो.

मोठ्या रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांची गोष्ट थोडी निराळी, पण त्याच जातीची आहे. निवासी हा शब्दच सांगतो की, त्याने रुग्णालयात वास करावा, अशी मूळची अपेक्षा होती. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने 1989 पासून अशा डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला सरासरी ऐंशी तासांची मर्यादा घातली. भारत सरकारनेही 1992 साली, निवासी डॉक्टरांकडून सामान्यतः दिवसाला बारा तासांहून अधिक काम घेऊ नये, असे निर्देश दिले. निर्देश आणि आचरण यांतील अंतर ज्यांच्या घरी निवासी डॉक्टर आहे, त्या आईवडिलांना सांगण्याची गरज नाही. तरीही काही वाटा निघाल्या आहेत. महाराष्ट्रात 2014 पासून 108 या क्रमांकावर डॉक्टरसह रुग्णवाहिका मिळू लागली. त्यामुळे मध्यरात्रीची प्रत्येक हाक आता एकाच दारावर जात नाही. खाजगी व्यवसायातही अनेक ठिकाणी चार-पाच डॉक्टर मिळून रात्रीच्या पाळ्या वाटून घेतात. ज्या रात्री पाळी नाही, त्या रात्री फोन दुसऱ्याच्या घरी वाजतो. एवढ्याशा तडजोडीने चार-पाच घरांना आठवड्यातील बहुतेक रात्री निवांत जेवण मिळते.

रोग्यांनाही यात काही करता येण्यासारखे आहे. श्वास लागणे, छातीत कळ येणे, शुद्ध हरपणे, रक्तस्राव, सर्पदंश, बाळंतपण यांसाठी घड्याळ पाहू नये. तान्ह्या मुलाचा ताप आणि फिट यांसाठीही पाहू नये. डॉक्टर जेवत असले तरी हाक मारावी. त्यासाठीच ते आहेत. परंतु महिन्याभराची खाज, उद्याच्या प्रवासाचा दाखला, गोळी जेवणाआधी की नंतर ही शंका, यांना सकाळपर्यंत थांबता येते. हा विवेक प्रत्येकाने केला, तर खरी हाक आणि नुसती हाक यांतील भेद राहील. तो राहणे डॉक्टरपेक्षाही रोग्याच्या हिताचे आहे.

जुन्या दंडकाचा अर्थ नव्याने लावायचा तर असा लावता येईल. कोणाचा जीव वाचवण्यासाठी भरल्या ताटावरून उठणे, हा अन्नाचा अवमान नव्हे. ज्या घरात ते ताट झाकले जाते, त्या घराचाही त्या सेवेत वाटा असतो. तो बिलात लिहिलेला नसतो, एवढेच. मात्र तेच ताट रोज थंड होऊ लागले, तर तो अवमान होतो. तो त्या घराकडून होत नाही. त्याच्यावर विसंबलेल्या समाजाकडून होतो. दम लागलेल्या म्हातारीला श्वास यावा आणि झाकलेले ताट गरम असतानाच उघडले जावे, या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच रात्री घडू शकतात. त्यासाठी त्या गावात दुसरे दार हवे आणि त्या दाराशीही एक जागा माणूस हवा.